रांगेतली शेवटची गाडी

रांगेतली शेवटची गाडी आपली, एवढंच टॅमसिनने लक्षात ठेवलं होतं. दुसरी खूण तरी कुठली ठेवणार? फिरत्या घरांच्या ह्या क्लबात सगळ्यांकडे एकाच कंपनीची मोटरहोम. तोच पांढरा रंग, तोच निळा पट्टा, दाराशी तीच घडीची पायरी. माल्व्हर्नच्या मैदानावर अशा बावीस गाड्या ओळीने उभ्या होत्या.

साडेतीन वर्षांची विनी मैदानावरचं प्रदर्शन बघून दमली होती आणि आईच्या खांद्यावरच झोपली होती. तिची मान गरम लागत होती... की उन्हामुळे? टॅमसिनने तिसऱ्यांदा ओठ टेकवून पाहिलं. शेवटच्या गाडीचं दार सताड उघडं! कुलूप लावायला विसरले की काय? ती घाईने आत शिरली, विनीला बाकावर निजवलं, गॅस पेटवून किटली ठेवली, वरच्या कप्प्यातून कप काढला.

कप तिचा नव्हता. त्यावर मासा होता.

इतक्यात न्हाणीघराचं दार उघडलं. उंच माणूस, खांद्यावर टॉवेल, अर्ध्या गालाला दाढीचा फेस. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग किटलीकडे. ती कुरकुरू लागली होती.

"माझ्या चहात साखर नको," तो म्हणाला.

"ही... ही माझी गाडी आहे. शेवटची."

"तासापूर्वी असेल. मग मी आलो, आणि गाड्या लावून देणाऱ्या मार्शलने मला तुमच्या पलीकडे उभं केलं."

टॅमसिनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. परक्याच्या बाकावर स्वतःची मुलगी निजवली होती तिने! वर उलट तीच म्हणाली, "पण दार उघडं कशाला ठेवायचं? कुणीही आत येईल!"

"कुणीही कुठे आलं? तुम्ही आलात." त्याने फेस पुसला, आणि बोलता बोलता खिडकीचा पडदा खाली ओढला. विनीच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. टॅमसिनला ते दिसलं नव्हतं... त्याला दिसलं होतं.

त्याचं नाव फर्गस. इस्पितळांतली यंत्रं दुरुस्त करत तो गावोगाव फिरायचा, आणि ही गाडी हेच त्याचं घर होतं. टॅमसिनने चहा उभ्यानेच प्यायला, एक डोळा विनीवर ठेवून.

"बसा ना. बाक चावत नाही."

"नको. रविवारी गाडी विकतेय मी," ती उगाचच बोलून गेली. "एक वाजता माणूस येणार आहे बघायला."

गाडी तिच्या बाबांची. फेब्रुवारीत ते गेले. क्लबातली म्हातारी मंडळी म्हणाली, एकदा तरी ये गं घेऊन. म्हणून ती आली होती. पण वाटेत वळण चुकलं आणि गाडी एका ठेंगण्या पुलापुढे अडली. मागे गाड्यांची रांग, भोंगे, विनीचं रडणं, आणि टॅमसिनला काही रिव्हर्स जमेना. शेवटी एका ट्रकवाल्याने उतरून गाडी काढून दिली. त्याच दिवशी तिने ठरवलं, हे आपल्याच्याने व्हायचं नाही.

"बस्स? रिव्हर्स?" फर्गसने भुवई उंचावली. "ते तर मी उद्या शिकवतो."

फक्त रिव्हर्सचंच नव्हतं ते, पण हे त्याला कसं सांगणार? विनी दहा महिन्यांची असताना तिचा बाप दुसरीकडे राहायला गेला. तेव्हापासून कुणीही माणूस विनीशी गोड बोलला की टॅमसिनचा जीव टांगणीला लागायचा. पोरीला ह्याची सवय लागली आणि हाही गेला, तर?

आणि विनीला सवय लागायला एक संध्याकाळ पुरली. शनिवारी सकाळी ती फर्गसच्या पायरीवर बसून त्याचाच टोस्ट खात होती.

"तुझी मुलगी फितूर झाली गं," मॉरीन हसली. सत्तरीची मॉरीन म्हणजे त्या रांगेची कारभारीण. पिवळं जाकीट ती बहुधा झोपतानाही काढत नसावी. "जा तू, गाडी शिकून ये. हिला मी सांभाळते. आणि चेहरा असा नको करूस पोरी, चार पोरं वाढवलीत मी. अजून चारही जिवंत आहेत."

मैदानाच्या मोकळ्या टोकाला फर्गस गाडीच्या मागे उभा राहिला.

"एकच नियम," तो म्हणाला. "मी आरशात दिसेनासा झालो की ब्रेक."

डाव्या हाताची हळुवार खूण... थोडं इकडे. तळवा समोर... थांब. टॅमसिनला आरशात त्याचे हात दिसत, मग मनगटं, मग नको म्हटलं तरी त्याचं हसू. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा गाडी सरळ मागे गेली. चौथ्यांदा तिने मान वळवली, लांबवर मॉरीनच्या छत्रीखाली विनीची लाल टोपी दिसते का बघायला. क्षणभरच. परत आरशात पाहिलं...

फर्गस नव्हता.

उजव्या आरशात नाही, डाव्यात नाही. तिने ब्रेक दाबला. मागे काही आपटलं का? आवाज झाला होता का? ती खाली उतरली आणि धावत मागे गेली.

तो चाकापासून बराच दूर, गवतात वाकून बुटाची नाडी बांधत होता.

"मूर्ख आहेस का तू?" ती किंचाळली. "नियम तूच सांगायचा आणि तूच... मला वाटलं तू चाकाखाली... तुला काही झालं असतं, तर मी..."

पुढचं वाक्य तिच्याच कानांना ऐकवेना. डोळे भरून आले. फर्गस उभा राहिला. चेष्टा करायला उघडलेलं तोंड त्याने मिटलं.

"चुकलं माझं," तो हलकेच म्हणाला. "पण टॅमसिन... तू वेळेवर थांबवलीस."

त्याने हात पुढे केला. तिने तो धरला, आणि सोडायला हवा तेव्हा सोडला नाही. मग दचकून सोडला.

रविवारी पावणेएकला फर्गस विजेची केबल गुंडाळत होता. सोमवारी सकाळी त्याला कार्लाइलच्या इस्पितळात हजर व्हायचं होतं. 'राहा' म्हणायचा तिला हक्क नव्हता. 'पुन्हा कधी' असं तोही विचारेना. टॅमसिनने एकच कप तीनदा विसळला.

बरोबर एकला गिऱ्हाईक आलं. त्याने गाडीभोवती फेरी मारली, टायर दाबून पाहिले आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

टॅमसिनची मूठ उघडेना.

"माफ करा," ती म्हणाली. "तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. गाडी द्यायची नाही."

"भीती गेली वाटतं? फोनवर तर म्हणाला होतात, चालवायचीच भीती वाटते."

"छे. आहे तेवढीच आहे."

माणूस खांदे उडवून गेला. टॅमसिन तशीच फर्गसपुढे जाऊन उभी राहिली. धीर होता तेवढ्यात बोलून टाकायला हवं होतं.

"विनीला ताप आला की मी रात्रभर तिचा श्वास मोजत बसते. दहा मैल गेले की थांबते. गॅस बंद केलाय का ते बघायला उतरते. आणि तू... तू गेलास तर काय, ह्याची भीती तू यायच्या आधीपासून वाटतेय मला."

केबल त्याच्या हातून सुटून गवतात पडली.

"मला काल तू हात सोडलास, तेव्हापासून वाटतेय," तो म्हणाला. "जायचं मला उद्यापुरतंच आहे, टॅमसिन. परत यायला मात्र कुणीतरी बोलवावं लागतं."

"मग ये. विनीला 'येतो' म्हणून सांगितलंस की यायचंच. माझं मी बघेन... तिला नाही फसवायचं."

"दोघींनाही नाही."

मॉरीन वही घेऊन तिथेच घुटमळत होती. ऑक्टोबरात समुद्रकाठी क्लबचा मुक्काम होता. शेजारी शेजारी जागा हवी असेल त्यांनी फाटकातून एकत्रच आत यायचं, असा रिवाज. म्हणून तशांची नावं ती एका ओळीत लिहून घेई.

"ऐकलं मी सगळं, बहिरी नाही," ती म्हणाली. कानामागची पेन्सिल तिने काढली. "तरुण मंडळींची मी पेन्सिलीने लिहिते हं. फार खाडाखोड होते बाई."

टॅमसिनने फर्गसकडे पाहिलं. मग मॉरीनच्या जाकिटाच्या खिशातलं निळं पेन काढून घेतलं आणि एका ओळीत तीन नावं लिहिली.