दाब कोणी वाढवला?

"त्या व्हॉल्व्हला मी हात लावलेला नाही, एवढं सिद्ध करून द्या," सून म्हणाली. "नाहीतर आम्हाला घर सोडावं लागेल."

जिच्यासमोर ती बसली होती तिला सगळे बारीकबाई म्हणत. अंगाने ती तशी मुळीच नव्हती. नजर तेवढी बारीक होती. शेजारच्या खुर्चीत तिचे मामा होते. ते प्रत्येक तपासाला बरोबर जात, आणि दर वेळी भलत्याच माणसावर संशय घेत.

प्रकरण असं होतं. गावातून येणाऱ्या पाण्याला फार जोर, म्हणून सुनेच्या घरी मुख्य पाइपावर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला होता. प्लंबर दाबाचा काटा तीनवर लावून गेला. पुढे महिनाही झाला नाही तोच वरच्या मजल्यावर वॉशिंग मशीनचा पाइप फुटला आणि पाणी छतातून थेट सासूबाईंच्या शिवणाच्या खोलीत उतरलं. उभ्या आयुष्यात त्यांनी कापून ठेवलेल्या कागदी नमुन्यांचा लगदा झाला. प्लंबरने येऊन बघितलं तर काटा सातवर. व्हॉल्व्ह धडधाकट आहे, कोणीतरी वरचा स्क्रू फिरवलाय, एवढं सांगून तो मोकळा झाला.

शॉवरला जोर नाही अशी कुरकुर सुनेनेच केली होती. मग काय, सगळी बोटं तिच्याकडे वळली. सासूबाईंनी बोलणं टाकलं. नवरा भाड्याची जागा बघू लागला.

"मला वेगळं नाही राहायचं," ती म्हणाली. "आई मला कपडे बेतायला शिकवत होत्या. आता त्या मला कात्रीसुद्धा देत नाहीत." तिचे डोळे भरून आले.

मामांना तिची फार दया आली. तरी जिन्यात त्यांनी भाचीच्या कानात सांगितलं, की हिनेच केलं असणार.

त्या घरात शिरल्यावर मामा हात धुवायला स्वयंपाकघरात गेले आणि नळाशी झटापट करत राहिले. नळ हलेना. शेवटी सुनेने फडकं गुंडाळून तो उघडून दिला. रोज झोपण्याआधी बाबा, म्हणजे तिचे सासरे, घरभर फिरून नळ बंद करतात, थेंब गळलेला त्यांना खपत नाही, असं ती म्हणाली. सकाळी सगळ्यांची हीच कसरत असते.

व्हॉल्व्ह जिन्याखाली होता. स्क्रू कमरेच्या उंचीवर, सहज हाताशी. दाबाची तबकडी मात्र खाली, भिंतीकडे तोंड करून बसवलेली. मामांना टॉर्च घेऊन जमिनीवर आडवं व्हावं लागलं.

"सात," ते खालून म्हणाले. "अजून सातच कसा?"

सासऱ्यांनी प्लंबरलाही हात लावू दिला नव्हता. मशीनचा नळ तेवढा बंद करून ठेवायचा, आणि करणारा सापडेपर्यंत बाकी सगळं आहे तसं राहील, असा त्यांचा हुकूम होता.

बारीकबाईने मामांना पाना दिला आणि स्क्रूवरचं नट सैल करायला सांगितलं. मामा घामाघूम झाले, नट जागचं हललं नाही. ती म्हणाली, "राहू द्या. मला एवढंच बघायचं होतं."

मग एकेकाशी बोलणं झालं. धाकट्या दिराने सरळ कबूल केलं, की मोटरसायकल धुवायला पाण्याला जोर त्यालाही हवाच होता. पण तो एकदम नव्हता वाढला. रोज थोडा थोडा वाढत गेला. सुनेचंही तेच म्हणणं. शॉवर आधी छान वाटला, नंतर अंगाला टोचायला लागला.

सासूबाई रागातच होत्या. नळ बंद केला की त्यांच्या उशाच्या भिंतीत पाइप धाडकन वाजे. "ह्यांना सांगून सांगून थकले. कमी होणं राहिलं बाजूला, आवाज दिवसेंदिवस वाढतच गेला. डोळ्याला डोळा नाही."

सासरे निवृत्त कारकून, बोलायला ठाम. दाब चांगला कमी झालेला होता, नंतर सुनेने वाढवला, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती.

"काटा बघितला होता तुम्ही?"

"माझे गुडघे वाकतात कुठे?"

मामांनी तिथल्या तिथे त्यांचं नाव संशयितांतून काढून टाकलं.

संध्याकाळी बारीकबाईने सगळ्यांना जिन्याखाली बोलावलं. स्वयंपाकघरातला नळ थोडा सोडून ठेवला, मामांना पुन्हा तबकडीपाशी झोपवलं, आणि सहज विचारावं तसं विचारलं, की पाणी कमी करायचं तर हा स्क्रू कसा फिरवायचा?

"आवळायचा, आणखी काय," सासरे म्हणाले.

तिने सगळं बळ लावून नट सैल केलं आणि स्क्रू हळूहळू ढिला करत नेला.

"सहा," मामा म्हणाले. "पाच. चार... अगं, हा तर तीनवर आला."

सासरे स्क्रूकडे बघतच राहिले.

"नळ आवळला की पाणी थांबतं," बारीकबाई म्हणाली. "इथे उलटं आहे. स्क्रू आवळला की आतली स्प्रिंग दाबली जाते आणि पाण्याची वाट आणखी उघडते. आपण सगळे जोर हवा असलेल्या माणसाला शोधत होतो. पण ज्याला जोर हवा होता तो पहिल्याच फेऱ्यात खूश होऊन थांबला असता. हा माणूस रोज आवळत राहिला, म्हणजे त्याला हवं ते होत नव्हतं. त्याला दाब कमी करायचा होता. आवाज बंद व्हावा म्हणून."

तिने स्क्रूवरच्या नटावर बोट ठेवलं.

"हे नट ज्या हाताने आवळलंय, त्याच हाताने या घरातले नळ आवळले जातात. आणि काटा न बघता दाब कमी झालाय असं खात्रीने कोण सांगेल? आपण स्वतः तो कमी केलाय असं ज्याला वाटतं, तोच."

सासरे जिन्याच्या पायरीवर बसले. "हिला झोप लागत नव्हती," ते बायकोकडे बघत म्हणाले. "आवाज वाढला की मी आणखी आवळायचो. मला खरंच वाटलं, मी कमी केलेला दाब कोणीतरी वाढवला." मग ते सुनेकडे वळले. "पोरी, उगाच तुझ्यावर आळ घेतला. चुकलो मी."

सून मान खाली घालून रडत होती. सासूबाई तिच्याजवळ आल्या. मग त्यांनी पदराला अडकवलेली कात्री काढली आणि सुनेपुढे धरली.

"उद्या कागद आण," त्या म्हणाल्या. "मापं माझ्या डोक्यात आहेत. कापायचं तू."

स्वयंपाकघरातला नळ अजून वाहत होता. सासरे उठून गेले आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांनी तो दोन बोटांनी, हलकेच बंद केला. एक थेंब पडला. थोड्या वेळाने दुसरा. त्यांचा हात पुन्हा नळाकडे गेला.

"राहू द्या हो," सासूबाई म्हणाल्या. "गळू दे थोडा."