सवतीची साक्ष

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी मोर्शीला यावं, आमच्या आत्याच्या मळ्यात भरदुपारी एकटं बसावं, आणि मग काय ते ठरवावं.

रात्रीची नाही. मळेकऱ्यांच्या घरची भुतंही दिवसाउजेडी कामाला लागतात.

साल १९२७, चैत्राचे दिवस.

माझी आत्या सत्यवती तरुणपणीच विधवा झालेली. मोर्शीचे जानराव भावापासून वेगळे निघालेले, भाजीचा मळा राखून असत. त्यांची पहिली बायको गोदाबाई मानमोडीच्या साथीत गेली होती. दोघांचा पाट लावला. पाट म्हणजे आमच्याकडचा पुनर्विवाह. अंधाऱ्या पंधरवड्यात, रात्री, चार पुरुषांसमोर. बायकांनी तो बघायचाही नाही.

सकाळी नवरीच्या गळ्यात सवतीचा टाक आला. चांदीचा छोटा पत्रा, त्यावर मेलेल्या पहिलीची मूर्ती.

नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. पहिला घास तिला. आत्या तर टाकाशी बोलायचीही. भेंडी कोवळी निघाली की आधी गोदाबाईला दाखवायची. जिवंत जावांमध्ये एवढा सलोखा मी पाहिलेला नाही.

मग जानराव तापानं गेले. आत्यानं बांगड्या उतरवल्या. पदरात लहानगी शकुन.

तेरावं उरकलं आणि धाकटे दीर महादेवराव ओसरीवर येऊन बसले.

"तुमी ठेवलेल्या होत्या. लगन झालं असंन तर नोंद दाखवा. नाहीतर मळा सोडा."

आता आमचं सरकार जन्म लिहितं, मरण लिहितं, गावातले बैलसुद्धा मोजतं. पाट मात्र कोणी लिहीत नाही. तरी मी अमरावतीला कॉलेजात शिकणारा, मला वाटलं कागद कुठेतरी असणारच. आत्याला घेऊन कचेरीच्या अर्जनवीसाकडे गेलो. तो म्हणाला, शोध घेऊ. शोधाची फी वेगळी, नकलेची वेगळी, पानसुपारी वेगळी.

आत्यानं विचारलं, "जे कोणी लिवलंच नाही, त्याची नक्कल कायची देता?"

तो पान चघळत राहिला.

साक्षीदारांपैकी काही वारले होते. उरलेले महादेवरावांच्या विहिरीवर पाणी भरत होते, त्यामुळे त्यांना काही आठवत नव्हतं.

त्या दुपारी मळ्यात बसलो होतो. वारा नाही. मोट बंद.

भेंडीच्या ओळीतून आवाज आला...

बांगड्यांचा.

मी आत्याकडे पाहिलं. तिचे हात मोकळे होते. शकुन खाटेवर झोपलेली. मळ्यात दुसरी बाई नव्हती.

"कोण आहे?" मी विचारलं.

"घरचीच आहे," आत्या म्हणाली. "फी नाही मागत."

सुनावणी तहसीलदारांसमोर झाली. महादेवराव पगडी बांधून आले होते. आत्यानं गळ्यातला टाक काढून टेबलावर ठेवला. ठेवलेल्या बाईच्या गळ्यात कोणी सवत बांधतं का, एवढंच तिनं विचारलं.

महादेवराव हसले. असा टाक कोणताही सोनार घडवून देतो, म्हणाले. पाट लागलाच नाही. लागला असता तर सख्ख्या भावाला ठाऊक नसतं?

बाहेरचा पंखा ओढणारा थांबला. का थांबला, त्यालाही नंतर सांगता आलं नाही.

खोलीत सगळे पुरुष. बाई एकच, तिचे हात उघडे.

आणि बांगड्या वाजल्या...

तहसीलदारांनी मान वर केली. कारकुनाची लेखणी दौतीतच राहिली.

मग आवाज आला. बाईचा. महादेवरावांच्या अगदी पाठीमागून.

"मादू... पाटाच्या राती कंदील तुयाच हातात होता ना रे?"

आत्याचे ओठ मिटलेले होते. मी तिच्याकडेच बघत होतो.

महादेवरावांना मादू म्हणणारी एकच बाई होऊन गेली. पाळण्यातल्या दिराला जिनं वाढवलं ती. आत्यानं तर हे नाव कधी ऐकलंही नव्हतं.

महादेवराव खाली बसले. पगडी सुटली.

"वयनी," ते भिंतीला म्हणाले, "होता. कंदील माह्याच हातात होता."

मळा आत्याच्या नावे लागला. कारकुनानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, त्या साक्षीदार बाईंचं नाव काय घालू? मी म्हणालो, तुम्हीच विचारा. त्यानं विचारलं नाही.

पण एक गोष्ट मला आजही स्वस्थ बसू देत नाही. पाट बायकांनी बघायचा नसतो. आणि गोदाबाई तेव्हा मेलेली होती. कंदील कोणाच्या हातात होता, हे तिनं कुठून पाहिलं?

आत्या गेल्या वर्षी वारली. टाक आता शकुनच्या देव्हाऱ्यात आहे. महादेवरावांच्या मुलांनी पुन्हा अर्ज ठोकलाय, पाटाची नोंद दाखवा म्हणतात. मी शकुनकडून उलट कळवलंय : तारीख घ्या, या. आमच्याकडचा पुरावा कचेरीत पायी येतो, भत्ता मागत नाही.

कळवलं त्याच दुपारी मळ्यात गेलो. वारा नव्हता. भेंडीच्या ओळीत बांगड्या वाजल्या. त्याची आता सवय आहे.

पण या वेळी आवाज दोन होते...

एकीच्या बांगड्या पुढे, दुसरीच्या मागे. तोडणी करत, गप्पा मारत चालल्यासारख्या.

आत्यानं मरेपर्यंत हातात पुन्हा बांगडी घातली नव्हती.