टॉयलेटमधली लाल दोरी

हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय. कुणाला पटो न पटो.

आत्या भुतांवर विश्वास ठेवत नाही. तशी ती डॉक्टरांवरही ठेवत नाही. तिचं कामच तसलं. निवृत्त सैनिकांच्या दवाखान्यांत जायचं आणि औषधांच्या तारखांपासून जिन्याच्या कठड्यापर्यंत सगळं तपासायचं.

रात्र वगैरे नव्हती. भर दुपार होती. जेवणाची सुट्टी, बाकडी रिकामी, बाहेर टळटळीत ऊन.

दवाखाना लख्ख होता. इनचार्ज साहेब त्याहून लख्ख. आत्याचा शेरा चांगला आला की ते अशा सगळ्या दवाखान्यांचे प्रमुख होणार होते. त्यामुळे दर वाक्याला एक 'मॅडम'.

"जपून वापरा, संपतील," आत्या म्हणाली.

मग ती रुग्णांच्या टॉयलेटमध्ये गेली.

तिथे कमोडशेजारी एक लाल दोरी असते. ओढली की बाहेर घंटा वाजते. ती पार जमिनीपर्यंत लांब लागते, कारण पडलेल्या माणसाचा हात तिथवरच पोचतो.

इथे दोरी वर गुंडाळून पक्की गाठ मारलेली होती.

"ही कुणी बांधली?"

"मीच, मॅडम. म्हातारी माणसं, फ्लश समजून ओढतात. दिवसभर कटकट. चुकूनच ओढतात हो."

आत्यानं गाठ सोडली. दोरी फरशीला टेकली.

साहेब फोन घ्यायला पुढे गेले, तशा बाहेर उभ्या असलेल्या सिस्टर पुटपुटल्या.

"मागच्या महिन्यात एक आजोबा आत पडले, मॅडम. कृत्रिम पाय निसटला. आम्ही सगळे वर मीटिंगला. किती वेळ दार ठोकत होते कुणास ठाऊक. दार उघडलं तेव्हा संपले होते. साहेब म्हणाले, हार्ट अटॅक सांगायचं. नाहीतर नोकरी..."

तेवढ्यात घंटा वाजली.

टॉयलेटचं दार सताड उघडं होतं.

आत कुणीच नव्हतं.

दोरी मात्र ताणलेली होती... खालून कुणीतरी धरल्यासारखी.

"वायरिंग जुनं आहे," म्हणत साहेब हसत परत आले. घंटा बंद करायचं बटण आतल्या भिंतीवर. ते आत गेले.

दार लागलं.

घंटा थांबली.

मग... ठक. ठक.

दाराच्या अगदी खालच्या कडेला.

"साहेब?" सिस्टरनी हाक मारली.

"असू द्या, मॅडम. चुकून ओढली."

शांत, जड आवाज. साहेबांचाच असणार. आत दुसरं होतं कोण?

वायरिंग ठोकून बघत असतील म्हणून दोघी बाकावर बसल्या. ठोकणं हळूहळू कमी झालं. मग थांबलं.

साहेब बाहेर येईनात. हाकेला ओ देईनात. शेवटी ड्रायव्हरला बोलावून दार फोडलं.

साहेब फरशीवर पडले होते. तोंड वाकडं, डोळे उघडे. दारावर आपटून बोटं सोलवटलेली.

आणि दोरी... वर गुंडाळलेली. तीच गाठ. तीच उंची.

साहेब वाचले. अंग लुळं पडलं, वाचा गेली. अंगठा तेवढा हलतो.

आत्या त्यांना हॉस्पिटलात बघायला गेली. उशाशी नर्सला बोलवायचं बटण होतं. साहेब ते दाबत होते, सारखे दाबत होते, आणि वाजत नव्हतं. बायको म्हणाली, तीनदा बदललं. बाकी कुणीही दाबलं की वाजतं.

बायको औषधं आणायला खाली गेली. आत्यानं बटण दाबलं.

वाजलं. नर्स आली, दारापर्यंत आली... आणि परत फिरली.

आत्या मागे धावली. "अहो, आत का नाही आलात?"

"काही नको म्हणाले ना ते बाबा."

"कोण बाबा?"

"पलंगाला टेकून खाली बसलेत ते. एक पाय नाही ते."

आत्या पर्स घ्यायलासुद्धा खोलीत परत गेली नाही.

साहेब अजून तिथेच आहेत. डॉक्टर म्हणतात, तब्येत दणकट आहे, पुष्कळ वर्षं काढतील.

मला वाटतं, बिचारे लवकर सुटावेत.

पण हे मी मोठ्यानं बोलत नाही... ऐकणारा कुणाच्या बाजूचा असेल, सांगता येत नाही.