यादीतलं तिसरं नाव

आमच्या ह्यांना टायफॉइड झाला होता तेव्हा मी एक नवस बोलले होते. बरे होऊन घरी आले, तर दर शनिवारी दिवेलागणीनंतर मोबाईलला हात लावणार नाही आणि घरात कुणाला लावू देणार नाही. देवाने त्याचं काम केलं, माझं मी करते आहे. मुलांना मात्र हा नवस कधीच पटला नाही. नवस तू बोललीस, मग उपास आमच्या फोनला का, असं धाकटा दर शनिवारी विचारतो आणि मी दर शनिवारी त्याचा फोन उचलून कपाटात ठेवते.

अशाच एका शनिवारी माझे थोरले दीर आमच्याकडे मुक्कामाला होते. त्यांनी जन्मभर धक्क्यावर क्रेन चालवली. बोलतात कमी, आणि बोलले की मुलं सरकून जवळ बसतात. जेवणं झाली होती. स्वयंपाकघर आवरून मी दाराशी टेकले होते. धाकट्याची कुरकूर चालूच होती. नेट नाही म्हणजे माणूस मेल्यासारखाच, असं काहीतरी तो बोलला.

दीरांनी एकदा कपाटाकडे बघितलं. मग म्हणाले, "मेलेल्यालाही लागतं रे नेट."

मुलं हसली. ते हसले नाहीत. आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

त्यांचा एक जुना मित्र आहे, बोटींचं वायरिंग करतो. सगळे त्याला वायरमन म्हणतात. त्याच्या बायकोला दीर वहिनी म्हणतात, म्हणून मीही इथे तेच लिहिते. त्यांची इमारत नव्याने बांधायला काढली तेव्हा दोघं तात्पुरती म्हणून एका जुन्या बोटीवर राहायला गेली. एक केबिन, दोन बाकं, गॅसची शेगडी, खिडकीएवढं देवघर. तात्पुरती म्हणता म्हणता तिथेच रमली. धक्क्याला शेवटच्या टोकाला त्यांची बोट, तिला खेटून दुसरी एक रिकामी बोट, आणि दोन्हींच्या मागे गोदामाची उंच भिंत.

त्या भिंतीपायी फोन लागायचा नाही. केबिनमध्ये तर नाहीच. वायरमनने डोकं चालवलं. सिमवर चालणारा, हातात मावेल एवढा राउटर आणला, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात बंद केला आणि दोरीने डोलकाठीच्या टोकाला चढवला. तिथे गोदामाच्या छपरावरून रेंज यायची आणि खाली केबिनमध्ये नेट चालायचं. फोनही सगळे नेटवरूनच करायचे. सकाळी डबा खाली उतरवून चार्जिंगला लावायचा, संध्याकाळी पुन्हा वर. वहिनी म्हणायच्या, आमच्याकडे दोन डबे, एक पिठाचा आणि एक नेटाचा, आणि दोन्ही महिनाअखेरीला खडखडतात.

तसं खरंच व्हायला लागलं. नेट संपायला लागलं. वायरमन राउटरचं पान उघडून बघतो, तर जोडलेल्या फोनांच्या यादीत तीन नावं. एक त्याचा फोन, एक वहिनींचा. आणि तिसरं नाव...

येतो.

एवढंच. मराठीत लिहिलेलं.

धाकट्याने विचारलं, कोण येतो? दीर म्हणाले, त्यालाही तोच प्रश्न पडला.

त्याला ती धमकी वाटली. कुणीतरी आपलं नेट चोरतंय आणि वर सांगतंय, येतो. त्याने पासवर्ड बदलला. एखाद-दोन रात्री यादीत दोनच नावं. मग पुन्हा तिसरं हजर. पहिला संशय धक्क्याच्या रखवालदारावर. वायरमनने त्याला आडून आडून विचारलं, तर त्याने खिशातून बटणांचा फोन काढून समोर धरला आणि म्हणाला, ह्याच्यावर मी फक्त बायकोची बोलणी खातो. मग संशय डिझेलच्या पंपावरच्या माणसावर. मग गोदामातल्या कारकुनावर. शेवटी तर त्याला वाटलं, वहिनीच कुणाला पासवर्ड देतात.

पण त्याने त्यांना काही विचारलं नाही. त्यांची मुलगी पहिलटकरीण, दिवस भरत आले होते, जीव आधीच टांगणीला. उगीच घाबरवायचं कशाला. म्हणून तो रोज रात्री त्यांच्याकडे पाठ करून ती यादी बघायचा. आणि वहिनी बघायच्या, की आपला नवरा ह्या वयात फोन लपवतोय.

"कोण आहे ती?" एकदा त्यांनी भाजी चिरता चिरता विचारलं.

"नेटचं बघतोय."

"नेटला एवढं लपवायसारखं काय असतं?"

त्याने फोन उलटा ठेवला. आता केबिन ती केवढी. दोन माणसं आणि दोघंही एकमेकांकडे तिरकं बघतायत.

आता ती रात्र. दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, तिसरा शुक्रवार, अमावास्येच्या आदल्या दिवशीची रात्र. मुलीला पलीकडच्या काठावरच्या इस्पितळात दाखल केलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, घाई नाही, दोन-चार दिवस लागतील. वहिनी दिवसभर तिथे बसून कपडे घ्यायला म्हणून परतल्या, आणि शेवटची लाँच निघून गेली. जावयाने सांगितलं होतं, सकाळी या, तशीच वेळ आली तर मी फोन करीन. ती वेळ कसली, ते दोघांना ठाऊक होतं. मुलीचा रक्तगट फार विरळा. रक्तपेढीत एकच बाटली होती. आणि तो रक्तगट घरात आणखी एकाच माणसाचा होता, वहिनींचा.

त्या दिवशी वायरमन बाजारातून नवं सिम घेऊन आला होता. दुकानदार म्हणाला, उद्या दुपारी सुरू होईल. म्हणजे ती रात्र उरल्यासुरल्या नेटवर काढायची. तेवढ्यात जावयाचा फोन यायला हवा, बस.

वहिनी देवासमोर बसल्या. वायरमनने यादी उघडली. तीन नावं. आणि उरलेलं नेट डोळ्यांदेखत कमी होत होतं.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पासवर्ड बदलायच्या भानगडीत तो पडलाच नाही. तिसऱ्या नावावर बोट ठेवलं आणि ब्लॉक केलं.

नाव गेलं.

आणि त्याच क्षणी नेटही गेलं.

त्याने फोन हलवला. बंद करून चालू केला. काही नाही. राउटरच सापडेना. बाहेर पाणी एकदम शांत. बोट हलायची थांबली, म्हणाले दीर. पाण्यावरची बोट कधी अशी थांबत नाही.

मग शेजारच्या रिकाम्या बोटीवर आवाज.

थप.

थोडा वेळ काही नाही.

थप... थप.

अनवाणी पावलं. ओली.

वायरमन बॅटरी घेऊन वर गेला. आधी आपल्या डोलकाठीवर उजेड टाकला. टोकाला डबा नव्हता. दोरी खाली लोंबत होती. तुटलेली नव्हती. सोडलेली होती, नीट, गाठ उकलून. उजेड शेजारच्या बोटीवर फिरवला. कुणी नाही. त्याने विचारलं, कोण आहे. उत्तर नाही. पावलं थांबली, एवढंच. कुणीतरी उभं राहून ऐकतंय, अशी थांबली.

तो खाली आला. केबिनचं दार लावलं. पाठीने दाबून धरलं.

वहिनींनी विचारलं, काय झालं. तेव्हा कुठे त्याच्या तोंडून सगळं बाहेर आलं. चोर, यादी, पासवर्ड. आणि ते नाव.

"काय नाव म्हणालात?"

"येतो."

वहिनींनी शेजारच्या बोटीच्या दिशेने बघितलं.

दिव्याची वात तेवढी तडतडली...

मग त्यांनी हळूच सांगितलं. शेजारची बोट रिकामी व्हायच्या आधी तिथे एक म्हातारा खलाशी राहायचा, वायरमनही त्याला ओळखायचा. एकटाच. मुलगा कुठल्याशा मोठ्या जहाजावर कामाला, सातासमुद्रापार. संध्याकाळी डबा वर चढला की, वायरमन कामावरून परतायच्या आत, म्हातारा वहिनींकडे यायचा, मुलाच्या फोनची वाट बघत बसायचा, कारण नेट फक्त इथेच. नवा फोन घेतला तेव्हा तो वहिनींनीच चालू करून दिला होता. फोनने विचारलं, नाव काय द्यायचं. वहिनींनी विचारलं, आजोबा, काय नाव लिहू? त्याला ऐकू कमी. तो आपला उठला होता, निघायच्या बेतात. म्हणाला, येतो. वहिनींना वाटलं, हेच नाव हवंय म्हातारबाबाला. त्यांनी लिहून टाकलं. नंतर कळलं तेव्हा दोघंही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले होते.

त्या रात्रीच्या आदल्या वर्षी एका संध्याकाळी तो आपली छोटी होडी घेऊन गेला. जाताना नेहमीसारखं म्हणाला, येतो. दुसऱ्या दिवशी होडी मिळाली. तो मिळाला नाही. फोन त्याच्या खिशातच होता.

बाहेर पावलं पुन्हा सुरू झाली. आता जवळ. दोन बोटींमधल्या फळीवर.

थप.

वायरमन दाराला आणखी रेलला.

वहिनी म्हणाल्या, "त्याला आत घ्या."

"कुणाला?"

"ज्याला तोडलंत त्याला. तोही पोराच्या फोनची वाटच बघतोय ना. आपल्यासारखी."

थप.

दाराशी.

वायरमनने फोन पुन्हा हातात घेतला. राउटर सापडतच नव्हता, मग यादी कुठून उघडणार. तरी त्याने पान उघडायचा प्रयत्न केला... आणि ते उघडलं. ब्लॉक केलेलं एकच नाव. त्यावर त्याने बोट ठेवलं. घेतलं आत.

पावलं थांबली.

खूप वेळ काही नाही...

मग फोनवर रेंजच्या काड्या उभ्या राहिल्या. एक. दोन. सगळ्या. त्या बोटीवर सगळ्या काड्या कधीच आल्या नव्हत्या. आणि फोन वाजला.

जावई रडत होता. "आई, किती वेळ फोन लावतोय मी. निघा. आत्ता निघा."

दार उघडताना बाहेर कुणी असेल का, हा विचारही वहिनींनी केला नाही. त्यांनी दार उघडलं आणि धावत सुटल्या. बाहेर कुणी नव्हतं. रखवालदाराला उठवलं, त्याने आपली मोटारहोडी काढली आणि काळ्याकुट्ट अंधारातून दोघांना पलीकडे नेलं. तोही सकाळपर्यंत इस्पितळाच्या बाकावर बसून राहिला. वहिनींचं रक्त वेळेवर पोचलं. मुलगी वाचली. नातही वाचली, आता घरभर धावते.

मी दाराशी उभी होते, डोळे पुसून घेतले. माझी थोरली मुलगी मात्र हट्टाला पेटली होती. डबा त्या रखवालदारानेच काढला असणार, पावलंही त्याचीच, असं तिचं म्हणणं. दीर म्हणाले, वायरमनलाही तसंच वाटावंसं वाटत होतं. म्हणून तर सकाळी बोटीवर परतताच त्याने दीरांना बोलावून घेतलं.

कारण डबा सापडला होता. शेजारच्या बोटीच्या डोलकाठीवर. ती काठी वायरमनच्या काठीपेक्षा बरीच उंच, गोदामाच्या छपराच्याही वर जाणारी. तिला दोरी नव्हती, केव्हाच कुजून गेली होती. टोकाची कप्पी गंजून घट्ट बसलेली. लाकूड इतकं पोखरलेलं, की मांजर चढलं तरी मोडावं. क्रेनने डबा तेवढा काढून दे, असं वायरमन म्हणाला.

"मी आकडा वर नेला," दीर म्हणाले. "क्रेनच्या केबिनमधून मला ती काठी हाताच्या अंतरावर दिसत होती. रात्रभर दव पडलेलं. खालपासून वरपर्यंत सगळ्या काठीवर दवाचे थेंब... एकही पुसलेला नव्हता. खाली फळ्यांवरही तसेच. पाऊल नाही, हात नाही, दोरीचा ओरखडा नाही."

धाकटा थोरलीला खेटून बसला.

"मग काढलात का डबा?" धाकट्याने अगदी बारीक आवाजात विचारलं.

नाही. दीरांनी क्रेन मागे घेतली. वायरमननेही पुन्हा सांगितलं नाही. त्याने नवं सिम घेतलं होतं, त्यासाठी दुसरा राउटर आणला. त्या डब्याची बॅटरी एक रात्र पुरायची, सकाळी चार्ज करावीच लागायची. ह्या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. डबा अजून तिथेच आहे. आणि अंधार पडला, की त्याच्या झाकणातून राउटरचा हिरवा दिवा दिसतो. चालू.

तेवढं सांगून दीर उठले आणि झोपायला गेले. त्या रात्री कपाटातला फोन कुणी मागितला नाही.

मी पुष्कळ विचार केला. घाबरायचं म्हटलं तर घाबरण्यासारखी गोष्ट आहे. पण मला राहून राहून वाटतं, ते नाव वायरमनने पहिल्याच रात्री बायकोला वाचून दाखवलं असतं, तर एवढे दिवस दोघं एकमेकांवर संशय घेत बसली नसती आणि त्या म्हाताऱ्या जिवालाही असं दाराशी यावं लागलं नसतं. म्हणून मी आता मनाशी आणखी एक नेम धरला आहे. अनोळखी नाव दिसलं, अनोळखी नंबर आला, तर तो तोडायच्या आधी घरात मोठ्याने वाचायचा. घरातल्या कुणाच्या तरी ओळखीचा निघतो. तुम्हीही एवढं कराल का? फार काही नाही, एकदा नुसतं वाचून दाखवा.