रंगाऱ्याचा हात

शेगडीत अजून एक ओंडका टाक, माल्टे, आणि दार लावून घे. युले, तू तो मोबाइल ठेव खाली. ऐकायचं असेल तर नीट ऐका, नाहीतर बाहेर जाऊन गळ धुवा. ही गोष्ट ओटमार ब्रिंकची आहे. आपल्या क्लबात पन्नास वर्षं माझ्या शेजारी गळ टाकून बसायचा. आता लेकीकडे समुद्रकिनारी असतो. फोन लावून विचारा हवं तर. स्वतःहून सांगणार नाही, पण नाही असंही म्हणणार नाही.

तारीख वीस नोव्हेंबर, दोन हजार बावीस. मृतांचा रविवार, घरच्या गेलेल्यांना आठवायचा दिवस. संध्याकाळचे पावणेसहा, म्हणजे आपल्या वुपर नदीच्या खोऱ्यात मिट्ट काळोख. पाऊस नुकताच थांबलेला. ओटमार पिशवी घेऊन निघाला. पिशवीत दोन रिकाम्या बाटल्या, एक दोरी, आणि थडग्यावर लावायचा लाल काचेचा दिवा. दिवा बापासाठी घेतलेला. दुपारी टेकडीवर थडग्याशी जाऊन लावायचा होता, पण तेवढ्यात एक फोन आला आणि दिवा राहिला.

फोन डॉक्टर ओस्टरलोचा. रोगी तपासणारा डॉक्टर नाही, नुसती पदवी. आजोबांनी नदीकाठी रंगाचा कारखाना चालवला, बापाने चालवला, आणि याने त्यात महागडे फ्लॅट काढले. आता त्याला फ्लॅटसमोर नदीत उतरायला पायऱ्या हव्या होत्या. पोरं पाण्यात खेळतील, आया कॉफी पीत बसतील. त्यासाठी पाणी स्वच्छ असल्याचा कागद हवा, आणि कागद द्यायचा पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या ओटमारने.

"ब्रिंक, तुम्ही तर जुने जाणते," ओस्टरलो म्हणाला. "पाणी नेहमीच्या जागी घ्या. मंगळवारी बैठक आहे."

नेहमीची जागा म्हणजे काय, ते तुम्हा पोरांना ठाऊक नाही. कारखान्याचं सांडपाणी भिंतीखालच्या मोरीतून नदीत पडायचं. नियमाप्रमाणे पाण्याचा नमुना घ्यायचा मोरीच्या खाली. पण बाटली बुडवायची प्रवाहाच्या वर, पादचारी पुलाशी, जिथं पाणी चांगलं, आणि कागदावर लिहायचं भिंतीखालचं. ओटमार विशीत कामाला लागला तेव्हा त्याला पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं. आणि गड्याने चव्वेचाळीस वर्षं इमानेइतबारे केलं! मित्र आहे माझा, पण खरं सांगतो, त्या बाबतीत मला त्याची किळस यायची.

"पण काका, कारखाना तर कधीच बंद झाला ना?" युले, तू विचारणार हे मला माहीत होतं.

कारखाना बंद झाला. रंगाचे हौद कुठं गेले? त्यांच्यावर माती लोटली आणि फरशी घातली. आत जे होतं ते तसंच. पाऊस पडला की थोडं थोडं मोरीतून झिरपतं. ओटमारला माहीत होतं. ओस्टरलोलाही माहीत होतं. आणि त्या पायऱ्या येणार होत्या बरोबर मोरीच्या खाली.

आज सगळ्यांना नदीचं प्रेम उतू जातंय. हॉटेलात नदीचे फोटो, बिस्किटांच्या डब्यावर नदी, नदीवरून रुळाला लटकून जाणाऱ्या आपल्या गाडीत नदीचं कौतुक सांगणारा गोड आवाज. माझ्या लहानपणी त्याच गाडीत लोक नाकाला रुमाल लावून बसायचे. सोमवारी पाणी लाल, मंगळवारी हिरवं. पुढच्या वर्षी कुठल्या रंगाचे झगे येणार ते पोरी पुलावरून बघून सांगायच्या. गावाखाली सगळे रंग एकत्र झाले की नदी शाईसारखी काळी. मासा सोडा, उंदीरसुद्धा मरायचा. ज्यांनी तिची ही दशा केली त्यांचीच नातवंडं आज तिच्या नावाने फिती कापतात. लाज कोळून प्यायलेत!

ओटमारचा बाप हाइनर याच कारखान्यात रंगारी होता, निळ्या हौदावर. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. साबणाने जायचे नाहीत. चर्चमध्ये हातमोजे घालून बसायचा. थोरला ओस्टरलो, या डॉक्टरचा बाप, कुणा रंगाऱ्याशी कधी हात मिळवायचा नाही. नाताळच्या शुभेच्छा द्यायचा तेसुद्धा हात पाठीमागे बांधून. हा डॉक्टर उलटा. कॅमेरा दिसला की गवंड्याचा, माळ्याचा, सगळ्यांचा हात धरून हलवणार. "माझ्या वडिलांनी जे केलं नाही, ते मी करतो." नाटकी माणूस.

हाइनर एकोणपन्नासाव्या वर्षी गेला. लघवीतून रक्त पडायचं. त्या खात्यातले बरेच तसेच गेले. कारखान्याच्या डॉक्टरने लिहिलं, सिगारेटमुळे. हाइनरने जन्मात सिगारेट ओढली नव्हती.

आणि एक गोष्ट. ओटमार नऊ वर्षांचा असताना हाइनर एकदा त्याला शाळेत न्यायला आला. सगळ्या पोरांसमोर त्याने हात पुढे केला. निळा हात. ओटमारने आपला हात खिशात घातला. बापाने आपला हात मागे घेतला. तसाच शेजारून चालत घरी आला. पण हे ओटमारच्या काळजात रुतून बसलं होतं. दारू चढली की मला सांगून रडायचा.

तर त्या संध्याकाळी ओटमार पुलाशी आला. लोखंडी शिडीने काठावर उतरला. काठाशी पाणी घोट्याएवढं, मध्ये खोल. बाटलीला दोरी बांधली, सोडली, ओढली.

बाटली रिकामी.

दोरी ओली, बाटली बाहेरून ओली. आत थेंब नाही. त्याला वाटलं, नीट बुडली नसेल. पुन्हा सोडली. चांगली खोल. बुडबुडे आलेले त्याने ऐकले. वर ओढली. कोरडी. फडक्याने पुसल्यासारखी.

तिसऱ्यांदा सोडली... आणि मोरीच्या बाजूने आवाज आला.

टक. टक.

लाकडी बुटांचा आवाज. रंगखात्यात लोक लाकडी बूट घालायचे, पाय भिजू नयेत म्हणून. आता ते कुठं मिळतही नाहीत.

टक...

"कोण आहे?" ओटमार ओरडला. 

तेवढ्यात वरून लटकती गाडी आली. तिच्या खिडक्यांचा उजेड पाण्यावरून, भिंतीवरून सरकत गेला. मोरीच्या तोंडाशी माणूस उभा. बाह्या वर. गाडी गेली. काळोख.

 ओटमार शिडीकडे सरकला. आणि कपड्याला उकळता रंग देताना येतो ना, तो वास. चाळीस वर्षांत न आलेला.

दुसरी गाडी आली. उजेड सरकला.

माणूस जवळ आला होता. दहा पावलांवर. चेहऱ्यावर सावली. एक हात पुढे केलेला.

कोपरापर्यंत निळा.

गाडी गेली.

ओटमारने काय केलं माहितीये? खिशात हात घातला. पंचावन्न वर्षांनी, तसाच. आपोआप. मग त्याला कळलं आपण काय केलं ते...

पाण्याचा आवाज थांबला. वुपरचा आवाज थांबला, पोरांनो. मी इथं जन्मलो, मी तो कधी थांबलेला ऐकला नाही.

ओटमारने हात बाहेर काढला.

काळोखात पुढे केला.

आणि कुणीतरी तो धरला. ओटमार मला म्हणाला, "एवाल्ड, गार असता तर मी जागीच मेलो असतो. गरम होता रे. आत्ता हौदातून काढल्यासारखा. बाबांचा हात."

किती वेळ, ते त्याला सांगता येत नाही.

तिसरी गाडी आली तेव्हा समोर कुणी नव्हतं. पण ओटमार पुलाशीही नव्हता. तो मोरीच्या खाली गुडघाभर पाण्यात उभा होता. तिथवर कधी चालत आला, आठवत नाही. तिथं वाकून त्याने बाटली बुडवली. या वेळी भरली. आयुष्यात पहिल्यांदा योग्य जागी. मग दिवा काढला आणि मोरीच्या कठड्यावर लावून घरी गेला.

सोमवारी सकाळी सात वाजता तो माझ्या दारात उभा. उजवा तळवा दाखवला. निळाशार. मी स्वतः टर्पेंटाइनने घासला, मग दगडाने, रक्त येईपर्यंत. रंग हलला नाही. माल्टे, हसू नकोस. या डोळ्यांनी पाहिलाय.

प्रयोगशाळेतून दुपारी कागद निघाला आणि तो घेऊन ओटमार ओस्टरलोच्या कचेरीत गेला. हात कोटाच्या बाहीत ओढून घेतलेला. ओस्टरलोने वाचलं आणि हसला.

"ब्रिंक, अहो, जागा चुकली तुमची."

"नाही. चव्वेचाळीस वर्षं चुकत होती. आज बरोबर आहे."

"सहा आठवड्यांत निवृत्त होताय. कशाला डोक्याला ताप? उद्या पुन्हा पाणी घ्या, वरचं. हा कागद आपण विसरून जाऊ. आपण काय परके आहोत?" आणि सवयीप्रमाणे याने हात पुढे केला. मोठ्या मनाचा माणूस ना!

ओटमार म्हणतो, त्याला द्यायचा नव्हता. ओस्टरलोनेच बाहीतला हात ओढून घेतला. दाबला, हलवला, खांद्यावर थोपटलं.

ओटमार जिना उतरून खाली आला आणि दिव्याखाली तळवा पाहिला.

स्वच्छ. तान्ह्या पोरासारखा.

त्याने कागद तसाच पाणीखात्यात नेऊन दिला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. फरशी उखडली, हौद निघाले, निळ्या मातीचे ट्रक महिनाभर जात होते. पायऱ्या पुढे गेल्या वर्ष-दीड वर्ष. आणि उद्घाटनाला हा पठ्ठ्या ओस्टरलो भाषणात काय म्हणाला? "माती मी साफ करून घेतली, माझ्या नदीसाठी." ओटमारचं नाव नाही. हाइनरचं तर नाहीच.

हे सगळं म्हाताऱ्याच्या डोक्यातून निघालं, असं म्हणताय ना? म्हणा. माल्टे, तुझ्या मागे भिंतीवर वर्तमानपत्राचं कात्रण आहे. काढ ते. तारीख वाच.

"तेरा जुलै दोन हजार चोवीस. पायऱ्यांचं उद्घाटन. तापमान एकतीस."

फोटोत लोक कसे आहेत?

"अर्ध्या बाह्यांचे शर्ट. पोरं पाण्यात."

ओस्टरलो शोध.

"हा, मधला. समोर कुणीतरी पाहुणा हात पुढे करून उभा आहे. आणि हा... याने हात दिलाच नाहीये. पाठीमागे घेतलाय." दिव्याजवळ ने ते, माल्टे. "काका, बाजूने जरासा दिसतोय. याने उजव्या हातात कातड्याचा हातमोजा का घातलाय?"