संकल्पाचे उगमस्थान

त्या काळी श्रमन्यायालयात साक्षीपुराव्यांचा घोळ उरला नव्हता. माणूस नोकर की स्वतंत्र कंत्राटदार, याचा निवाडा संकल्पमापक करीत असे. कृतीची प्रेरणा मेंदूत प्रथम उमटली की आज्ञा प्रथम आली, एवढेच ते यंत्र पाही. आज्ञा आधी, तर कृती ‘आदिष्ट’. मेंदू आधी, तर ‘स्वयंभू’. स्मरणातला परका आवाजही यंत्र आज्ञाच धरी.

सोलापूरचे विश्वंभर टेकाळे डोक्यावर त्या यंत्राची जाळीदार टोपी घालून सात दिवस टॅक्सी चालवून आले होते. गाडी त्यांची, नाव आणि नियम फ्रँचायझी देणाऱ्या कंपनीचे. अकरा वर्षांच्या बैठकीने मणका झिजून डावा पाय बधिर होत चालला होता. नोकर ठरले, तरच कंपनी शस्त्रक्रिया करविणार होती.

“बाई, काय म्हणतंय यंत्र?”

न्यायालयाच्या यंत्र-तपासनीस डॉ. मृणालिनी दाबके यांनी पडद्यावरचे आकडे पाहिले. “टेकाळे, हजार कृतींपैकी नऊशे त्र्याण्णव स्वयंभू निघाल्या. यंत्राच्या मते तुम्ही स्वतंत्र आहात.”

“थट्टा करता का? कुठं वळायचं, गिऱ्हाइकाशी किती हसायचं, समदं त्यांचं फर्मान!”

“फर्मान येण्याआधीच तुम्ही वळता, हसता.”

“म्हंजी बैलाला वाट पाठ झाली, म्हणून बैल मालक झाला व्हय?”

बाईंना हसू आले; पण ते टिकले नाही.

“मग त्या सात कुठल्या?”

“रोज सकाळी स्टिअरिंगला हात लावून नमस्कार करता ना, त्या. तेव्हा आधी वडिलांचा आवाज उमटतो.”

विश्वंभर गोंधळून गेले. दिवसभरात तेवढेच तर आपले, असे ते समजत आले होते. “आन् कंपनीचा आवाज?”

“तो वेगळा ऐकूच येत नाही. तो तुमचाच झालाय.” बाईंनी पडदा त्यांच्यापुढे सरकवला. “निकाल अजून पक्का नाही. ‘हरकत’ दाबलीत तर फेरतपासणी होईल. ‘मान्य’ दाबलंत तर प्रकरण मिटलं. घरी विचारा, सावकाश...”

वाक्य पुरे होण्यापूर्वीच विश्वंभरांचा अंगठा ‘मान्य’वर टेकला होता. अकरा वर्षे प्रत्येक फेरीआधी कंपनीच्या फोनवर त्यांनी तेच दाबले होते. जो क्षणभर रेंगाळे, त्याची फेरी दुसऱ्याला जाई.

चटका बसावा तसा त्यांनी हात मागे घेतला.

“बाई, हे म्या न्हाई केलं! देवाशप्पथ, म्या न्हाई!”

टोपी अद्याप डोक्यावरच होती. पडद्यावर शांतपणे अक्षरे उमटली: स्वयंभू.