खंडेनवमीला पुसलेले बाण

ही २०४३ सालची गोष्ट. घाटातल्या बस तेव्हा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या झाल्या होत्या. बसचं दार वैजयंता चौगुले एका हाताने उचलायची आणि म्हणायची, "आमच्या वेळी याला चार गडी लागायचे."

कोल्हापूरजवळच्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं कामाला होती; आता त्याच धातूचे ठोकळे कापायची. लाटलेल्या जाड प्लेटमधून निघणारे, सहाही बाजूंनी सारखे. बसच्या नाकाडात असे बारा बसवत. धडक बसली की त्यांनी चेपून धक्का पोटात घ्यायचा.

त्या दुपारी इंजिनिअर इर्शाद मुजावर फुटलेला ठोकळा घेऊन आला. आदल्या दिवशी उतारावर एक बस दरडीला धडकली होती. चालक जागीच गेला.

"ताई, चेपलाच नाही हा. तिरका चिरलाय."

त्याने नव्या प्लेटचे दोन ठोकळे धडक-नळीत घातले. आतला दांडा पापणी लवायच्या आत आदळला. आडवा ठेवलेला ठोकळा चपटा झाला, उभा ठेवलेला फुटला.

"लाटताना स्फटिक एका दिशेला निजतात," मुजावर म्हणाला. "आडवं दाबलं तर कूस बदलून धक्का जिरवतात. जाडीच्या दिशेने दाबलं तर ते जमत नाही. हळू दाबलं तर निभावतं, पण वेगात आत एक बारीक पट्टी तापते आणि तिथंच चिरतं. म्हणून तर आपण ठोकळ्यावर बाण काढतो."

वैजयंताने तुकडा उलटा केला. रंगाखाली कुंकवाचं बोट उमटलं होतं. तिचंच.

खंडेनवमीला यंत्रांबरोबर तिने ठोकळेही ओल्या फडक्याने लख्ख पुसले होते. पेन्सिलीचे बाण गेले. मग घाबरून, अंदाजाने, तिने ते पुन्हा काढले होते. हे तिने आता मुजावरला सांगितलं.

"किती?" त्याने विचारलं.

"एकशे चव्वेचाळीस. बारा बसचे."

"एक शब्द बोलला असतात, ताई!"

"लाज वाटली, साहेब. सव्वीस वर्षांत एक चूक नव्हती."

त्याने यादी काढली. पाचवी बस तिची लेक चालवत होती. वैजयंताने फोन लावला.

"केतकी, कुठं आहेस?"

"घाट उतरतेय. तेहतीस माणसं, दोन बोकडं. का गं?"

"गाडी थांबव."

"वळणावर? मागं उसाचा ट्रक आहे, चटणी होईल आमची."

"मग पंधराच्या वर नेऊ नकोस."

"पंधरा! सायकलवाले हसतील. झालंय काय?"

वैजयंताने सगळं सांगितलं. मग केतकी म्हणाली, "काल गेले ते श्रीपतीतात्या होते, आई. मला घाट त्यांनी शिकवला." आणि फोन बंद झाला.

बस दोन तास उशिरा सुखरूप आली. उघडली तेव्हा तिच्यातले सात ठोकळे चुकीच्या अंगावर निघाले. वैजयंताने कबुली लिहून दिली. तिची नोकरी गेली. मुजावरने पेन्सिल बंद करून बाण कोरायची पद्धत घातली आणि निवृत्त होईपर्यंत प्रत्येक बाण स्वतः तपासला. केतकी अजून घाटातच गाडी चालवते. आईकडे येते, जेवते. तात्यांचा विषय निघाला की ताटावरून उठते.

बारांपैकी एक बस मात्र सापडली नाही. ती परराज्यात विकली गेली, रंग बदलला, नंबर बदलला. सत्तरी ओलांडलेली वैजयंता आजही रस्त्याकडेला थांबून येणाऱ्या प्रत्येक बसच्या नाकाडाकडे बघते. आतले ठोकळे कुठल्या कुशीवर निजले असतील?